मी सांगेन तवर

दाऊदभाईंच्या गॅरेजात एकच कायदा होता. तपासायला आणलेल्या गाडीचं इंजिन एकदा चालू केलं, की ते बंद करायचा हक्क मालकाकडे राहत नसे. "मी सांगेन तवर बंद न्हाय करायची," एवढं बोलून ते बॉनेटच्या आड जात. मग आपण स्टिअरिंगवर हात ठेवून मुकाट बसायचं. समोर बॉनेट उघडं, त्यामुळे ते काय करतायत ते दिसत नाही. फक्त मधूनमधून जिभेचा 'च्च' ऐकू येतो. ऊन चढायचं, शाळेची वेळ व्हायची, पण बंद करायची सोय नाही. बऱ्याच वेळाने बॉनेटच्या कडेने पांढरी दाढी वर यायची आणि ते म्हणायचे, "हां, करा बंद." परीक्षेतून सुटल्यासारखं वाटायचं आणि मी चावी फिरवायचे.

मी मुरूडला प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे अख्ख्या गावाची 'बाई'. दाऊदभाईही बाईच म्हणत. त्यांचं गॅरेज बंदराकडच्या वळणावर, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडवर सावलीला सुरूची झाडं होती, पण गिऱ्हाइकाची गाडी ते त्यांच्याखाली उभी करू देत नसत. "सुरूची काडी बॉनेटच्या जाळीतून आत गेली की मंग मलाच शोधायला लागते." उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मस्कतच्या एका वर्कशॉपात काढली होती. "तिकडं धूळ खाते, इकडं मीठ खातं. गाडीनं जायचं कुठं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, चष्मा कपाळावर, आणि गळ्यात नेहमी रबरी नळीचा एक तुकडा. नळीचं एक टोक कानात आणि दुसरं इंजिनवर फिरवत डॉक्टरसारखं ऐकायचे. डॉक्टर निदान ऐकून होताच बोलतो तरी. हे बोलत नसत. उठून कठड्यावर बसायचे, चहा मागवायचे, आणि तो निवला की न पिताच परत नळी कानात घालायचे.

गाव त्यांना पाठीमागे 'शकभाई' म्हणे, कारण त्यांच्या तोंडी सतत "शक हाय" असे. "प्लग बदललाय, पन शक हाय." "चालतेय, पन शक हाय." त्यांचं सूत्रच होतं, "शक हाय तवर गाडी माझी." फातिमाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर दाताशी धरून हसत सांगायच्या, "निकाहात काझीनं विचारलं, ह्यांनी कबूल केलं, आन् मंग मलाच येऊन विचारतात, मी बरोबर बोललो ना?"

गाडी सोडली म्हणजे त्यांची काळजी सुटली असं नव्हतं. ती नवी सुरू व्हायची. गाडी गेली की ते स्कूटर काढत आणि मागोमाग निघत. गिऱ्हाइकाला आरशात एक टोपी दिसत राहायची. कधी नांदगावपर्यंत, कधी काशीदपर्यंत, आणि फारच शक असला तर रेवदंड्याच्या पुलापर्यंत. तिथे स्कूटर थांबवून ते गाडी पूल चढून उतरेपर्यंत बघत आणि मग मागे फिरत. पोरं त्याला 'दाऊदभाईंची वरात' म्हणत.

या वरातीमागे एक गोष्ट होती. मस्कतहून परत आल्यावर सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एक रिक्षा दुरुस्त करून सोडली. मनात खुटखुट होती, पण गिऱ्हाईक घाईत होतं. ती रिक्षा त्याच दिवशी पुलावर बंद पडली, आणि आत होती एक अडलेली बाई. बाळ पुलावरच झालं. दोघी सुखरूप राहिल्या. ती मुलगी पुढे माझ्याच वर्गात आली, दांडगी, कबड्डीत सगळ्यांना लोळवणारी. पण दाऊदभाईंना ती रस्त्यात भेटली की ते थांबून तिला आधी विचारत, "तब्येत बरी हाय ना तुजी?" ती हसून पळायची. ते मात्र बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघत उभे राहत. मला त्या वेळी त्यांची गंमत वाटायची. आमच्यावर पाळी आली तेव्हा गंमत संपली.

आमचे हे, सदानंद, बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांची नोकरी सुटली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अलिबाग गाठावं लागे. वेळ चुकवून चालत नाही. एक फेरी हुकली तरी पाय सुजतात, श्वास लागतो, माणूस रात्रभर उशीला टेकून बसून राहतो. एसटीची दगदग त्यांना झेपेना, म्हणून माझ्या भावाने त्याची जुनी पांढरी गाडी आम्हाला दिली. चालवायला मी शिकले, ते भीतीपोटीच. त्या गाडीवर आमच्या घराचा श्वास चालला होता, हे मी शब्दशः म्हणतेय.

आणि एके दिवशी काशीदच्या चढणीवर तिने मान टाकली. आधी गचके, मग दम तुटल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. मागे ट्रकचे हॉर्न. हे शेजारी बसून म्हणतात, "होईल गं सुरू." पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी बर्फातल्या मासळीच्या पेट्या नेणारा एक टेम्पो थांबला आणि त्याने आम्हाला अलिबागला सोडलं. सेंटरमधली सिस्टर नाकाला रुमाल लावून म्हणाली, "काका, आज बाजारातून आलात वाटतं?" हे हसले. मला ते जमलं नाही.

दाऊदभाईंनी गाडी ओढून आणली आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कुठे गचकली, गिअर कोणता होता, आधी वास आला का, त्या वेळी काय बोलत होतात. मी म्हटलं, "बोलण्याचा काय संबंध?" तर म्हणाले, "बाई, मानूस बोलत असला की गाडीकडं लक्ष नसतं. मंग आधी काय झालं ते त्याला आठवत न्हाय." त्यांना हवेच्या जाड रबरी नळीला चीर सापडली. तिथून हवा आत शिरते आणि इंजिनाचा हिशेब चुकतो, म्हणाले. नळी बदलली. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांना आरशात टोपी होती. तिसऱ्या फेरीला नव्हती, आणि तिसऱ्या फेरीलाच गाडी त्याच चढणीवर पुन्हा गचकली. कशीबशी रडतखडत पोचलो.

संध्याकाळी भाभी आमच्याकडे आल्या. "बाई, ह्यांनी जेवन टाकलंय. म्हनतात, माज्या हातून परत तेच झालं." मला त्यांचा राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेले, तर ते शेडच्या दारातच उभे. डोळे लाल. सलाम नाही, दुआ नाही. "चालू करा. मी सांगेन तवर..." "बंद करायची नाही, माहितेय," मी म्हटलं.

त्या दिवशी ह्यांनाही सोबत आणलं होतं. ते खुर्ची टाकून बसले. इंजिन उभ्या उभ्या थरथरत होतं. दाऊदभाईंनी मला खाली बोलावलं आणि हवेच्या नळीवरची एक छोटी डबी दाखवली. "हा हवा मोजनारा. एअरफ्लो सेन्सर. आत केसाएवढी तार हाय. किती हवा गेली ते तो सांगतो, आन् तेवढंच पेट्रोल सुटतं. ह्यानं कमी सांगितलं की पेट्रोल कमी. सपाटीला चालून जातं, चढनीला दम तुटतो. आता बघा." त्यांनी डबीचा प्लग उपसला. इंजिन एकदा अडखळलं आणि चक्क निवांत चालू लागलं. "बघितलात? ह्याचं ऐकलं की बिघडते, न्हाय ऐकलं की बरी चालते."

हे खुर्चीतून म्हणाले, "आमच्या घरीपण तसंच आहे, दाऊदभाई." बऱ्याच दिवसांनी मी मोकळेपणी हसले. दाऊदभाई मात्र हसले नाहीत. त्यांना मीटर लावून वायर तपासायची होती. वायर ठीक निघाली. तरी, "शक हाय. खात्रीचा दुसरा सेन्सर लावून बघतो, मंगच बोलेन."

खात्रीचा सेन्सर होता त्यांच्या भाच्याच्या गाडीत, तीच कंपनी, तेच मॉडेल. अडचण एवढीच, की त्या दिवशी भाच्याचा निकाह होता आणि तीच गाडी फुलं लावून हॉलबाहेर उभी होती. मामा शेरवानीवर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, बिर्याणीच्या आधी बाहेर पडले. नवरदेवाच्या गाडीतला सेन्सर काढून आमच्या गाडीत बसवला, आमचा बिघडलेला तिकडे लावला, मला बाजूला बसवून काशीदची चढण चढून आले, उतरून पुन्हा चढले. गाडी एकदाही गचकली नाही. परत येईपर्यंत इकडे नवरानवरी फुलांच्या गाडीत बसून घामाघूम, आणि गाडी गुरगुर करून बंद पडतेय. वरातीतले म्हातारे चिडले होते. दाऊदभाईंनी सगळ्यांदेखत बॉनेट उघडून सेन्सर जागेवर बसवला आणि नव्या सुनेला म्हणाले, "बेटी, माफ कर. पन आता तुज्या गाडीवर शक न्हाय." ती सून अजूनही हे सांगताना पोट धरून हसते.

नवा सेन्सर आला. फेऱ्या सुरळीत झाल्या. टोपी काही दिवस आरशात राहिली, मग दिसेनाशी झाली. मी रात्री झोपू लागले.

आणि पावसाच्या तोंडावर गाडी पुन्हा गचकली. सपाटीवर. अंगणातून बाहेर काढतानाच.

तेव्हा मला जी भीती वाटली, ती आजाराच्या निदानाच्या दिवशीही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. दाऊदभाई निरोप मिळताच आमच्या अंगणात आले. नवाकोरा सेन्सर काढून, चष्मा कपाळावरून डोळ्यावर आणून, उन्हात धरून पाहिला. मग फिल्टरचं झाकण उघडलं आणि आतल्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट चमकलं. त्यांनी वास घेतला. मग बोट माझ्यासमोर धरलं.

वास माझ्या ओळखीचा होता. माझ्या शिवणयंत्राचं तेल. त्याची बाटली खणातून नाहीशी झाली होती आणि मी शाळेतून आल्यावर ती शोधायचं रोज विसरत होते.

आम्ही दोघांनी एकदमच ओटीकडे पाहिलं. हे पायरीवर बसून कडीकोयंडे पुसत होते. मांडीवर फडकं, शेजारी ती बाटली. आमच्या किनाऱ्यावर पाऊस लागायच्या आत घरातल्या प्रत्येक लोखंडाला तेल दाखवायची रीतच आहे. बिजागऱ्या, कुलपं, कोयती, सायकलची साखळी. नाही दाखवलं तर आगोटीनंतर, म्हणजे पाऊस लागल्यावर, किल्ली कुलपात फिरत नाही. त्यात ह्यांचा जन्म बर्फाच्या कारखान्यात, खाऱ्या पाण्यात गेलेला. 'तेल लावलं नाही ते गेलं' हा त्यांचा धर्म. फिल्टरच्या जाळीला गंजाचे ठिपके दिसले असतील. मी शाळेत असताना त्यांनी बॉनेट उघडून तिलाही नीट तेल पाजलं होतं. ते हवेबरोबर ओढलं जाऊन त्या केसाएवढ्या तारेवर बसलं. पहिला सेन्सर त्यानेच गेला होता आणि आता दुसराही त्याच वाटेवर होता. स्वतःला अलिबागला नेणारी गाडी हा माणूस स्वतःच्या हाताने, मायेने, बंद पाडत होता.

माझ्या तोंडून किंकाळी निघणार होती. मी ओटीकडे एक पाऊल टाकलंसुद्धा. दाऊदभाईंनी तेलकट बोट वर केलं. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी सांगेन तवर काय बोलायचं न्हाय."

त्यांनी एक फवारा आणून ती तार धुतली, कुठेही बोट लागू न देता, श्वास रोखून. तार वाळेपर्यंत उन्हात धरून उभे राहिले. फिल्टर नवा टाकला. मला आत बसवलं, इंजिन चालू, नळी कानात, 'च्च', शांतता, पुन्हा 'च्च'. "हां, करा बंद." मग हात पुसत ओटीवर जाऊन बसले.

"काय निघालं?" ह्यांनी विचारलं. आवाज घाबरलेला होता.

"खारा वारा, सदाभाऊ. मीठ धरलं सेन्सरला. आता बॉनेटच्या आत फकस्त माजा हात. मस्कतची पद्धत हाय, दुसऱ्याचा हात चालत न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "पन एक काम हाय. माज्या गॅरेजातले पाने, पकडी, शटर, सगळ्याला गंज चढलाय. मला येळ न्हाय. तुमच्यासारखा तेल लावनारा गावात दुसरा कोन हाय?"

दुसऱ्या आठवड्यापासून हे गॅरेजात जाऊ लागले. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी खुर्ची टाकून, पाने-पकडी पुसत, एकेकाला तेल दाखवत. चेहऱ्यावर रंग आला. दोघं मिळून प्रत्येक गाडीवर शक घ्यायला लागले. मला पुढे कितीदा तरी वाटलं, ह्यांना खरं सांगून टाकावं. पण दाऊदभाईंनी मला ते सांगायची परवानगी दिली नाही, आणि मीही कधी मागितली नाही.

यंदा थंडीत, शाळेला सुट्टी होती त्या सकाळी, भाभी अनवाणी धावत आल्या. दाऊदभाईंच्या छातीत कळ आली होती. घाम, डावा हात जड. दारात पुतण्याची रिक्षा उभी होती. "रिक्षात न्हाय बसत म्हनतात. म्हनतात, बाईंची गाडी बोलवा."

मी गाडी काढली. हे माझ्या शेजारी, मागे भाभी आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलेले दाऊदभाई. आरशात टोपी होती, पण आज ती गाडीच्या आत होती. नांदगाव गेलं. काशीदची चढण आली. मागून क्षीण आवाज आला, "तिसरा टाका, बाई. घाई नको." मी तिसरा टाकला. गाडी एका सुरात चढली. भाभी काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक कुराणातली आयत.

पुलावर ह्यांनी मागे वळून पाहिलं. "दाऊदभाई," ते म्हणाले, "ते तेल माझंच होतं ना?"

मी पुढे बघत राहिले. गाडी पूल उतरली. मागून उत्तर आलं, "कसलं तेल? खारा वारा होता, सदाभाऊ." ह्यांनी हात मागे नेऊन त्यांचा गुडघा धरला आणि अलिबाग येईपर्यंत सोडला नाही.

हॉस्पिटलच्या दारात चाकाची खुर्ची आली. दोघा वॉर्डबॉयनी त्यांना उतरवून बसवलं. खुर्ची वळली तशी त्यांनी हात वर करून थांबवली. मान तिरपी केली. माझं इंजिन चालू होतं. ते ऐकत होते, डोळे मिटून, नळीशिवाय. त्यांचा चेहरा करडा पडला होता, पण कपाळावरची आठी हळूहळू सैल होत गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी सांगेन तवर..." आणि खुर्ची आत गेली. शेवटी दिसली ती पांढरी टोपी, काचेच्या दाराआड. भाभी आणि हे मागोमाग धावले.

मी इंजिन चालू ठेवून बसले. वॉचमन आला, म्हणाला, "मॅडम, गाडी बाजूला घ्या, बंद करा." मी बाजूला घेतली, बंद केली नाही. ऊन बॉनेटवर आलं. इंजिन चालत होतं, एकही गचका नाही, एकही अडखळ नाही. इतकं नीट ते कधीच चाललं नव्हतं. मी काचेच्या दाराकडे बघत राहिले, ती दाढी कडेने वर येईल म्हणून.

दार उघडलं आणि हे एकटेच बाहेर आले. सावकाश चालत माझ्या खिडकीशी आले आणि वाकले.

"बंद कर," ते म्हणाले.

"ते सांगतील तेव्हा."

ह्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवली.